न खेळलेल्या पदकविजेत्यास अनावृत पत्र

प्रति,
क्रीडारत्न, पदकविभूषित, बोगस प्रमाणपत्रधारक महोदय,
(नेमणुकीचे ठिकाण आपणांस ठाऊक)

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र दुसरबीडहून लिहितो आहे. मेहकरहून जालन्याकडे जाताना आमचं गाव लागतं, समृद्धी महामार्गही जवळूनच जातो. कधी भल्या पहाटे इकडून जाणं झालं, तर गाडीची काच जरा खाली करावी. चार-साडेचारला रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसतील. ती आपल्याला ओळखत नाहीत. तरी आपल्यासाठी एक जागा सोडून उरलेल्या जागांसाठी पळतात, हा त्यांचा मोठेपणा.

प्रथम आपले आभार मानतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या मिळवायला आधी खेळावं लागतं, असा आमचा खेडवळ समज होता. मैदानात उतरा, गुडघे फोडून घ्या, हळद लावा, तालुक्याला हरा, पुन्हा जिल्ह्याला जा. केवढा वेळखाऊ मार्ग! आपण तो कागदापुरता आणलात.

खेळही काय नामी निवडलात! ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंग. 2022 साली बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा बोभाटा झाला, तेव्हा या खेळाचं नाव आमच्यापर्यंत पोचलं. त्याआधी आमच्याकडे ट्रॅम्पोलिन म्हणजे जत्रेतलं जंपिंग. पैसे द्यायचे, चपला काढायच्या, पाच मिनिटं उड्या मारायच्या, मग आई दंडाला धरून खाली ओढते. सिडनीच्या 2000 सालच्या ऑलिम्पिकपासून ट्रॅम्पोलिन तिथंही आहे म्हणे, आणि तिथले खेळाडू लहानपणापासून घाम गाळतात. आपली उडी त्यांच्याहून उंच. जाळीला पाय न लावता आपण थेट सरकारी खुर्चीत उतरलात.

आता आमच्या पोरांविषयी थोडं. जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला त्याला जमाना झाला, शेतीचं आपण जाणताच, त्यामुळे इकडे बारावी झाली की भरती. पोलीस भरतीत मैदानी परीक्षेला 50 गुण. सोळाशे मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळ्याला 15. सोळाशेचे पैकीच्या पैकी हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांत यावं लागतं. त्या दहा सेकंदांपायी काय काय चालतं! दिवसभर सोयाबीनची सोंगणी करून संध्याकाळी पुन्हा पळायचं, मोबाइलवर एकमेकांची वेळ लावायची, बुटाचा सोल निघाला की चिकटवून दुसऱ्या दिवशी तोच बूट घालायचा. एखाद्याला 5 मिनिटं 18 सेकंद लागतात, तो डोकं धरून डांबरावरच बसतो. आठ सेकंदांसाठी! यांतल्या एखाद्याकडे कबड्डीचं खरंखुरं पदक असतं. खेळाडूंच्या राखीव जागेवर त्याचा नंबर लागायचा, तर तिथं आपण आधीच विराजमान. आपण खेळाडू झालात ते बसल्या जागी, एका रबरी शिक्क्यात.

आपलं कर्तृत्व किती मोठं, हे जगाकडे पाहिल्यावर कळतं. अमेरिकेत टॉम ब्रेडी नावाचा नामांकित खेळाडू होता. तिकडच्या फुटबॉलचा चेंडू लांबट असतो आणि तो हातानं फेकतात. त्यात हवेचा दाब साडेबारा ते साडेतेरा पौंड हवा, असा नियम. 18 जानेवारी 2015 च्या सामन्यात त्याच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचे चेंडू मऊ भरले, म्हणजे पकडायला सोपे. मध्यंतराला 17-7 अशी आघाडी होती. मग चेंडूंत पुन्हा हवा भरली, आणि त्या कडक चेंडूंनी त्यांनी आणखी 28 गुण केले. म्हणजे लबाडीची गरजही नव्हती. तरी लीगनं संघाला दहा लाख डॉलर दंड ठोकला, नवे खेळाडू निवडायचे दोन हक्क काढून घेतले, आणि माझा यात हात नाही म्हणणाऱ्या ब्रेडीला चार सामने घरी बसवलं. एवढीशी हवा ती काय! बिचाऱ्याला आपला सल्ला मिळायला हवा होता. चेंडू, मैदान, समोरचा संघ या भानगडीत तो पडलाच नसता. थेट कपच छापून आणला असता.

अहिल्यानगरला 2025 च्या महाराष्ट्र केसरीत निकालावर चिडून पंचाला लाथ मारणाऱ्या मल्लावर तीन वर्षांची बंदी आली. वाईटच केलं त्यानं. पण लाथ मारायला तरी तो गादीवर उतरला होता.

आणि अव्यवहारी माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? 1980 साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिलं. आपले कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांना वाटलं, चेंडू बॅटला लागलाच नाही. त्यांनी टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बॉथम यांनी मग 171 धावांची भागी केली, इंग्लंडनं सामना दहा गडी राखून जिंकला. चार दशकं उलटली तरी लोक त्या हरण्याचं कौतुक करतात. आपलं पदक बघायला कितीजण आले होते? माफ करा, पदक कुठं होतं, नुसताच कागद होता.

आपले उपकार मोजावे तेवढे थोडेच. आपल्यामुळे आता खऱ्या खेळाडूकडेही साहेब संशयानं बघतात. राज्य स्पर्धा खरोखर खेळलेली पोरगी प्रमाणपत्र पडताळणीला देते, आणि टेबलापलीकडून प्रश्न येतो, “खरंच खेळलीस का गं?” तिच्या गुडघ्यावरचा वण कुठल्या नमुन्यात जोडायचा, तेवढं आपण सुचवावं. कागदपत्रांतला आपला अनुभव दांडगा.

2022 साली क्रीडा खात्यानं आपल्यासारख्यांना किती मायेनं समजावलं होतं! बोगस प्रमाणपत्रं आपणहून परत करा, नाहीतर कारवाई होईल. आपण कामात असाल, राहून गेलं असेल.

म्हणून हात जोडून विनंती. आपला जिल्हा बुलढाणा असेल तर विभाग अमरावती. पाकिटावर क्रीडा व युवक सेवा विभागाच्या उपसंचालकांचा पत्ता घालावा, आत प्रमाणपत्र ठेवावं, सोबत राजीनामा जोडावा. टपालखर्च मी देतो. आमच्याकडे काही पोरांची भरतीच्या वयाची एक-दोन वर्षंच उरली आहेत, तेवढ्यात जागा मोकळी करावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
दुसरबीडचा एक प्रेक्षक