पुराव्यावर आहे

तात्यांना ‘काय चाललंय?’ म्हणून विचारलं तर ते ‘बरं चाललंय’ म्हणत नाहीत. ‘पुराव्यावर आहे,’ म्हणतात.

भांडण बांधालगतच्या तीन गुंठ्यांचं. तिथं एक बाभूळ, बाकी कुसळं. चुलतभावाकडं रजिस्टर खरेदीखत आहे आणि त्यातल्या चतुःसीमेत हे तीन गुंठे नेमके बसतात. तात्यांकडं सातबारा. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरायची, हे ते पाहुण्याला पाण्याचा तांब्या देण्याआधी सांगतात.

‘पण खरेदीखत रजिस्टर आहे ना?’ असं कुणी विचारलं की संपलं!

‘अहो, रजिस्टर काय झालं? कागद! 1908 चा कायदा दस्त नोंदवतो, मालकी नाही. मुळात विकणाऱ्याची तरी जमीन होती का, याची चौकशी सब-रजिस्ट्रार करतो का?’

तात्या बोलतात ते खरं आहे. पंचाईत एवढीच, की नुसत्या सातबाऱ्यानंही मालकी सिद्ध होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं वारंवार सांगितलंय. तो विषय निघाला की तात्यांना खोकला येतो.

युरियाच्या धुतलेल्या पिशवीत त्यांचं दप्तर असतं. फेरफाराचे उतारे, मोजणीचा नकाशा, दाव्याच्या नकला. एक कागद मोडीतला आहे. तो गावात कुणालाच वाचता येत नाही, तात्यांनाही नाही. त्यांच्या मते सगळ्यांत भक्कम पुरावा तोच.

निशाणी पाचवर ‘जैसे थे’चा हुकूम झाल्यापासून बाभळीला कोयता लागलेला नाही. शिवारात आज तीच सगळ्यांत उंच. काकू चुलीपुढं बसून म्हणतात, ‘हिच्यापायी दोन एकर गेली वकिलाकडं.’ तात्यांच्या हिशेबात ती दोन एकर धरलेली नाहीत, कारण तिथं वाद नव्हता.

लोकअदालतीची नोटीस आली होती. तडजोड झाली तर कोर्टफी परत मिळते, असं वकिलानंही समजावलं. ‘फी मिळेल हो,’ तात्या म्हणाले, ‘पण मग मी तालुक्याला जायचं कशाला?’

मध्यंतरी चुलतभाऊ वारला. तात्या ढसाढसा रडले, खांदाही दिला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते, तेव्हा मात्र ते हळूच थोरल्या पुतण्याजवळ सरकले. प्रतिवादी मयत झाला की 90 दिवसांत वारस रेकॉर्डवर आणायचे, नाहीतर दावा अबेट!

‘तुम्ही दोघं, आई... आणि बहिणी किती रे? लग्न झालेल्याही सांग, त्यांचाही हक्क असतो. सज्ञान आहेत ना सगळ्या?’

पुतण्यानं नावं सांगितली, वयं सांगितली. तात्यांनी डायरीत नीट उतरवून घेतली आणि धाकट्याकडं वळून काळजीनं विचारलं,

‘हा पुण्याला असतो. तू तरी तारखेला येत जाशील ना?’