सासऱ्यांचं ॲव्हरेज

माझी सासुरवाडी चांदनी. भुसावळहून खंडव्याकडे जाताना नेपानगरच्या अलीकडचं स्टेशन. एक्स्प्रेस गाड्या इकडे मान वळवूनही बघत नाहीत. सासरे, म्हणजे तात्या, नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झाले. 1956 साली नेहरूंनी उद्घाटन केलेल्या या कारखान्यानं देशभरच्या वर्तमानपत्रांना कागद पुरवला. त्या वर्तमानपत्रांत आलेली ‘इंधन वाचवा’ छापाची कात्रणं तात्यांनी जपून ठेवली आहेत. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ती सगळी कात्रणं माझ्या गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर बसतात आणि बोलतात.

1978 साली सरकारनं इंधनबचतीसाठी पीसीआरए नावाची संस्था काढली. तिचा कारभार दिल्लीहून चालतो. चांदनीची शाखा तात्या बघतात.

फाटक पडलं की इंजिन बंद, हे मला मान्य आहे. पण पुढची बैलगाडी वळेपर्यंतही इंजिन बंद म्हणजे फार होतं. मागचे हॉर्न वाजवतात, मी पुन्हा स्टार्टर मारतो आणि तात्या माझ्याकडे असं बघतात, जणू मुलीच्या संसारातले पाच रुपये मी आत्ताच खिडकीबाहेर टाकले.

खंडव्याहून येताना असीरगडचा उतार लागला, की ठरलेलं वाक्य येतं. ‘न्यूट्रल करा, जावईबापू.’ एकदा मी समजावलं. म्हटलं, तात्या, हल्लीच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गाडी गियरमध्ये ठेवून पाय काढला, की उतारावर पेट्रोल जाणंच थांबतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला थोडं थोडं पीतच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘तुमच्या गाडीत असेल तसं.’

आम्ही माझ्याच गाडीत होतो.

एसीचं तर विचारूच नका. मे महिन्यात बऱ्हाणपूर कसं तापतं, हे केळीवाल्यांना विचारा. ते बागेभोवती गवताची कुंपणं उभी करतात. म्हणजे केळीला आडोसा आहे, जावयाला नाही. गावात रमतगमत जाताना काचा खाली घेतल्या तर खरंच पेट्रोल वाचतं. हायवेवर मात्र उघड्या खिडकीतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो, तिथला हिशेब वेगळा. पण हे सांगायला तोंड उघडावं, तर आधी धूळ आत जाते.

आणि मग इच्छापूर. तिथं आमचा मध्य प्रदेश संपतो, पुढे महाराष्ट्र. जुलै 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारनं पेट्रोलवरचा कर लिटरमागे 5 रुपयांनी उतरवला आणि तात्यांच्या आयुष्याला नवी दिशा मिळाली. दक्षिण दिशा. ‘तिकडे दोन रुपयांनी स्वस्त आहे,’ असं म्हणून आम्ही टाकी भरायला चांदनीहून निघतो. जाऊन-येऊन नव्वदएक किलोमीटर. 30 लिटरमागे 60 रुपये वाचतात आणि ते वाचवायला पाच लिटर जळतं. हा हिशेब मी तात्यांना वहीत मांडून दाखवला. त्यांनी त्यातली एक बेरीज दुरुस्त केली आणि वही परत दिली.

पंपावर ते 500 चं सांगत नाहीत, 510 चं सांगतात. गोल आकड्याला मशिनमध्ये काहीतरी ‘सेट’ असतं म्हणे. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं, ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. ते मागा म्हटलं तर तात्यांना संकोच वाटतो. बरं, ज्यानं खरंच पेट्रोल वाचतं ती टायरची हवा तपासायला जावं, तर कॉम्प्रेसरवर ‘हवा बंद आहे’ ही पाटी. तिची शाईही आता उडाली आहे.

या वेळी मी कंटाळून गाडीच आणली नाही. पॅसेंजरनं आलो. चांदनीला उतरलो तर तात्या स्कूटर घेऊन हजर, इंजिन अर्थातच बंद. बॅग त्यांनी पायाशी घेतली. मी मागे बसायला पाय टाकला तसा त्यांनी हात आडवा केला.

‘घरापर्यंत उतारच आहे, जावईबापू. जरा ढकला, मग बसा.’