उस्तादांचा अभ्यासक्रम

कौशल्य विकासाचं वारं भोर-वेल्ह्याच्या डोंगरांपर्यंत पोचलं नाही, अशी काही मंडळींची तक्रार असते. साफ खोटं! वेल्ह्याचा राजगड तालुका झाला, पण गुरुकुल जुनंच चालू आहे.

फिनलंडमध्ये जंगलातलं हार्वेस्टर चालवायला वनशाळेत जावं लागतं; पोरं आधी सिम्युलेटरच्या पडद्यावर झाडं पाडतात. आपल्याकडे एवढा खर्च नाही. पोरगं जेसीबीवर हेल्पर लागतं, ग्रीस मारतं, डिझेलचे कॅन वाहतं. उस्ताद जेवायला उतरले की लिव्हर त्याच्या हातात. समोरचा उतार हाच सिम्युलेटर. इथे नापास झालेला पुन्हा परीक्षेला बसत नाही, एवढाच फरक.

कटर मशीनचंही तेच. पुस्तक सांगतं, झाड पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्या, मग मागून कापा, मध्ये थोडं लाकूड बिजागरीसारखं राखा आणि पळायची वाट आधी मोकळी करा. हेल्मेट हवं, मांडीवर साखळी अडवणारी जाड विजार हवी. आपला गडी डोक्याला टॉवेल गुंडाळून स्लिपरवर उभा. पळायची वाट मात्र त्याने नीट बघून ठेवलेली असते. झाडासाठी नव्हे, फॉरेस्ट गार्डसाठी.

२०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाचंही सर्टिफिकेट मिळतं. मग या गुणवंतांची परीक्षा घ्याच. पहिला पेपर कायद्याचा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत हिरडा, आंबा, जांभूळ, किंजळ आहेत. ते तोडायला परवानगी लागते. प्रश्न : ट्रॉलीत भरलेला हिरडा कसा ओळखाल? उत्तर : 'जळाऊ लाकूड, साहेब.' दुसरा पेपर पंचांगाचा : फार्महाऊसचा रस्ता कोणत्या वारी फोडावा? शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी कचेरी उघडायच्या आत संपवणाऱ्याला पैकीच्या पैकी.

तिसरा पेपर भूगोलाचा. उतार उभा कापला की वरची माती खाली येते, हे वरंधा घाट दरडी पाडून फुकट शिकवतो. पण तो वर्ग भरतो पावसाळ्यात, तोवर प्लॉट विकून झालेले असतात.

पुढे कधी धाड पडलीच, तर मशीन जप्त होतं आणि पंचनाम्यात नाव येतं चालकाचं. मशीन बोलावणारे, प्लॉट पाडणारे आणि शनिवारी सहकुटुंब डोंगर बघायला येणारे यांच्यासाठी अजून एकही पेपर निघालेला नाही. ते सगळे डायरेक्ट पास.