प्रोजेक्टरकाका

मंडळी म्हटली की पाळकसाहेब आले, खजिनदार आले, पेटीमास्तर आले आणि प्रोजेक्टरकाका आले. पहिल्या तिघांना कोणीतरी नेमतं. काका आपोआप उगवतात. एखाद्या रविवारी उपासना ऐन रंगात असताना पडदा निळा पडतो, सगळे एकमेकांकडे बघतात, आणि तिसऱ्या बाकावरचा एक गृहस्थ उठून मागे जातो, वायर हलवतो. चित्र येतं. झालं! तो गृहस्थ पुन्हा आपल्या बाकावर बसलेला कोणी पाहिलेला नाही.

आमच्या नगरकडच्या मंडळीत काका असे अकरा वर्षांपूर्वी उठले. टेलिफोन खात्यात खांबावर चढण्यात उमेद गेलेली, त्यामुळे वायर दिसली की त्यांचा हात शिवशिवतोच. कोटाच्या डाव्या खिशात काळी चिकटपट्टी, उजव्या खिशात रुमालात गुंडाळलेला व्हीजीएचा एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर, आणि जानव्यासारखा गळ्यातून तिरका गेलेला पेनड्राइव्हचा पट्टा. ही उपमा पेटीमास्तरांची; काकूंना ती मुळीच आवडलेली नाही. लग्नात भेटले तरी काका ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात हातात घेतात आणि तो सोडायच्या आत विचारतात, “घरी लॅपटॉप कोणता? रॅम किती?” आठच्या खाली उत्तर आलं की त्यांचा चेहरा सांत्वनाला आल्यासारखा होतो.

काकांना एक सवलत आहे, ती पाळकसाहेबांनाही नाही. “आपण सर्व डोळे मिटू या,” असं म्हटलं की शंभर माणसं डोळे मिटतात आणि काका उघडे ठेवतात. पुढची स्लाईड लावायची असते ना! प्रार्थनेत मोबाइल कोण बघतं, दानार्पणाच्या थैलीत हात घालून रिकामाच कोण बाहेर काढतं, हे अकरा वर्षांत त्यांनी सगळं पाहिलंय. कुणाला एका शब्दाने सांगितलेलं नाही. पण पास्टरेट कमिटीत त्यांच्या मागणीला सहसा विरोध होत नाही, त्याचं हे एक कारण असावं.

तसा हा वारसा जुना. भिंतीवर गीत क्रमांकांची लाकडी फळी असायची, तिच्यावर आकड्यांच्या पाट्या सरकवायचं काम लहानपणी काकांकडेच होतं. आकडे इंग्रजी. सहाची पाटी उलटी लागली की नऊ. एका रविवारी काकांनी ती तशी लावली आणि अर्ध्या मंडळीने एक गीत काढलं, अर्ध्या मंडळीने दुसरं. ‘उपासना संगीत’ हातात घेऊन दोन्ही पक्ष शेवटच्या कडव्यापर्यंत मागे हटले नाहीत म्हणतात. त्या दिवशी वडिलांनी जो कान पिळला, त्यातून काकांचं एकमेव तत्त्वज्ञान निघालं: मंडळीने ओळ संपवायच्या आत पुढची ओळ डोळ्यांपुढे पाहिजे. ते स्वतः कायम एक ओळ पुढे वाचत असतात.

गेल्या वर्षी जुना संगणक धापा टाकायला लागला, तेव्हा कमिटीने नवा निवडायला चौघांची उपसमिती नेमली. काका, खजिनदार, पेटीमास्तर आणि इतिवृत्त लिहायला मी. पहिल्याच बैठकीत काकांनी गंभीरपणे सांगितलं, “विंडोज दहाचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेला आहे.”

“लिंक केला नसेल,” खजिनदार म्हणाले.

इतिवृत्तात मी ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढंच लिहिलं.

पडद्यावर गीतं दाखवणारी सॉफ्टवेअरंही काकांनी गणिताच्या वहीत उतरवून आणली होती. प्रोप्रेझेंटर: देखणं, आधी मॅकवर आलं, मग विंडोजवर, पैसे भरावे लागतात. ईझीवर्शिप: फक्त विंडोज, पैसे इथेही. ओपनएलपी: विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, फुकट. खजिनदारांनी शेवटच्या शब्दाभोवती गोल केला आणि त्यांच्या दृष्टीने बैठक संपली. पण काकांना फुकटाची फार भीती. “फुकट म्हणजे बिघडलं तर कुणाला बोलायचं?” पैसे भरलेल्या वस्तूला बोलायला माणूस असतो ही त्यांची श्रद्धा, टेलिफोन खात्यात इतकी वर्षं काढूनही ती कशी टिकली, देव जाणे.

पेटीमास्तरांना यातलं काहीच नको होतं. त्यांचा दावा असा की या सॉफ्टवेअरवाल्यांनी आयुष्यात भजन ऐकलेलं नाही. आणि इथे, काकांचा मान राखून, मी मास्तरांच्या बाजूने आहे. असल्या सॉफ्टवेअरमध्ये गीताचा क्रम आधी भरून ठेवायचा असतो: पहिलं कडवं, ध्रुवपद, दुसरं कडवं, ध्रुवपद. साहेबी चालीच्या गीताला ते ठीक आहे. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंग-भजनाच्या वळणाची गीतं आमच्या तोंडी दिली, आणि भजन एकदा तबल्यावर चढलं की ते वहीत लिहिल्याप्रमाणे चालत नाही. मास्तर डोळे मिटतात, अर्धीच ओळ चार वेळा घेतात, मध्येच मागच्या कडव्यावर उडी मारतात, लय दुप्पट करतात. मागे काकांची बोटं कळफलकावर हुतुतू खेळत असतात. पडद्यावर कडवी पुढे-मागे पळताना पाहून लहान मुलं तेवढी मनापासून खूश. उपासना संपली की दोघांचा संवाद ठरलेला.

“मास्तर, किती वेळा घेणार ते आधी सांगत जा.”

“मलाच कुठे माहीत असतं?”

संगणकाची खरी परीक्षा मात्र रॅममध्ये नसते, अक्षरांत असते. आमची गीतं पूर्वी डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतलेली, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टची गंमत अशी की आत सगळी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा अंगरखा चढवतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की अंगरखा गळून पडतो. मध्यंतरी काकांनी पुतण्याचा लॅपटॉप एका रविवारसाठी मागून आणला आणि नेमका तो पेंटेकॉस्टचा रविवार होता. पाळकसाहेब प्रेषितांच्या अन्य भाषांविषयी बोलून बसले, गीत जाहीर झालं, आणि पडद्यावर कंस, टक्के, डॉलर आणि उलटे स्वल्पविराम यांची चार ओळींची भरगच्च पंगत उतरली. मागच्या बाकावरच्या एका आजींनी हात जोडले. काका घामाघूम. मास्तरांनी न बघताच सूर दिला आणि मंडळीने गीत पाठच म्हटलं, ही गोष्ट काकांना अजून लागते.

मग काकांनी सगळी गीतं युनिकोडमध्ये घ्यायचं ठरवलं. सव्वा वर्ष ते दुपारची झोप सोडून टाइप करत बसले. त्यातही विघ्नं आली. एका सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती जोडाक्षरं फोडायची, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन बसायची. ‘ख्रिस्त’ हा शब्द असा विस्कटलेला काकांना बघवेना. “बाकी काही चुकलं तर चालेल, हे नाही,” म्हणाले, आणि ते सॉफ्टवेअर वहीतून दोन रेघा मारून काढून टाकलं. तेव्हापासून कुठल्याही दुकानात शिरले की ते किंमत विचारण्याआधी यंत्रावर एकच शब्द टाइप करायला लावतात: ‘दुसऱ्या’. त्यातला ऱ्या नीट उमटला तर पुढचं बोलणं. विक्रेता बिचारा प्रोसेसरबद्दल सांगत राहतो, काका चष्मा वर करून ऱ्याकडे बघत असतात.

दोन पडद्यांचं प्रकरण वेगळंच. लॅपटॉपवर एक दिसलं पाहिजे, मंडळीला दुसरं. याला ‘एक्स्टेंड’ म्हणतात. ‘डुप्लिकेट’ ठेवलं तर तुमचं घरचं सगळं चारचौघांत. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये, असं काका शिकवतात. तरी एकदा फसले. कुणाच्या तरी ख्रिस्तवासी आजोबांच्या स्मरणार्थ उपासना होती. फोटो पडद्यावर, चर्च शांत, आणि फोटोच्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची लाल चौकट उगवली: ‘आपली मुदत संपली आहे. आजच नूतनीकरण करा.’ चौकट बंद करायला काका बाण शोधत राहिले आणि बाण नेमका आजोबांच्या नाकावर फिरत राहिला. पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि ठरल्यापेक्षा दोन पानं आधीच पुनरुत्थानाच्या विषयाला हात घातला.

शेवटी संगणक निवडला कोणी? आमच्याकडे पंख्याच्या पात्यांवरसुद्धा ‘यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं असतं. हवा कुणाची येते हे बसल्या जागी कळतं. उपसमितीच्या नवव्या बैठकीत एका कुटुंबाने निरोप पाठवला की संगणक आम्ही देतो. अट एकच: चालू केल्यावर पहिल्यांदा आईंचा फोटो दिसला पाहिजे. खजिनदार म्हणाले, देवाने प्रार्थना ऐकली. काकांनी तेवढ्यात वही उघडून कुटुंबाला कॉन्फिगरेशन कळवलंच: सोळा जीबी रॅम, एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड. आईंच्या मानाने हे कमी पडायला नको, अशी पुस्तीही जोडली. यंत्र आलं तसंच. सॉफ्टवेअर ओपनएलपी ठरलं, कारण ऱ्या पास झाला आणि खजिनदारांनी दुसरं काही ऐकून घेतलं नाही.

आणि तिथेच घात झाला. हे सॉफ्टवेअर वायफायवरून मोबाइलनेही चालवता येतं, हे तरुण संघातल्या एका मुलीने दहा मिनिटांत शोधलं. अकरावीतली पोर, क्वायरमध्ये गाते. ती पहिल्या बाकावर मास्तरांसमोर बसते, मास्तरांची मान कुठे वळते ते बघते आणि अंगठ्याने कडवं बदलते. मास्तर मागे आले की तीही मागे. पहिल्या रविवारी पडद्यावर एक ओळ चुकली नाही. वायर हलली नाही, चौकट उगवली नाही. आईंचा फोटो बरोबर वेळेवर आला आणि वेळेवर गेला. काका मागच्या टेबलाशी दोन्ही खिशांत हात घालून उभे होते. तिसऱ्या गीताच्या आधी काकूंनी वळून पाहिलं, बाकावर सरकून जागा केली आणि हाताने तिच्यावर थोपटलं.

काका येऊन बसले. ‘उपासना संगीत’ उघडलं, चष्मा पुसला. पेटी वाजली. अकरा वर्षांनी काका मंडळीत बसून गात होते आणि आवाज अजून खणखणीत होता. पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीपासून काहीतरी बिनसलं. मंडळी ध्रुवपदावर, काका पुढच्या कडव्यावर. मंडळी कडव्यावर आली तोवर काका ते संपवून त्याच्याही पुढच्यात शिरलेले. पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली. मास्तरांनी तर हात वर उचलून पेटीच थांबवली.

काकूंनी कोपराने ढोसलं. “अहो, थांबा की जरा. आम्ही अजून तिथं पोचलो नाही.”