कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हास अनावृत पत्र

मा. सेफ्टी व्हॉल्व्ह यांसी,
मुक्काम : झाकण

स. न. वि. वि.

आपण आमच्या घरी आलात त्या दिवसापासून निव्वळ बसून होता. शिट्टी बिचारी सकाळ-संध्याकाळ ओरडते, रबरी रिंग ताणून ताणून सैल पडते, हँडलचे स्क्रू झिजतात. आपल्या नावावर मात्र एक शेंगदाणाही शिजलेला नाही. आणि परवाच्या रविवारी दोन क्षण काम केलंत, ते थेट स्वयंपाकघराचं छत पिवळं करून. नोकरीची सुरुवात आणि राजीनामा एकाच दिवशी देण्याची ही पद्धत आमच्या तरी पाहण्यात नव्हती.

घटनेचा तपशील आपणांस ठाऊक आहेच, पण खुल्या पत्रात तो सांगावा लागतो. आमच्या ह्यांनी त्या दिवशी ‘आज तू ओट्याकडे फिरकायचं नाही’ असं जाहीर केलं आणि तुरीच्या डाळीची खिचडी थेट कुकरात लावली, गळ्यापर्यंत. डाळ लावताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, हे वाक्य कुकरच्या पुस्तिकेत असतं आणि पुस्तिका कपाटाच्या डोक्यावर असते. डाळीचा फेस वर चढला, त्याच्याबरोबर दाणे वाफेच्या नळीत जाऊन बसले, शिट्टी मुकी झाली. बाहेर शिट्ट्या मोजायला बसलेल्या ह्यांनी ‘अजून एकही नाही?’ म्हणून गॅस मोठा केला. (हे मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, याचा उल्लेख खरं तर टाळायचा होता.)

एरवी शिट्टीचं वजन आतला दाब हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने जास्त ठेवतं, म्हणून पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. नळी तुंबली की दाब आणि उष्णता दोन्ही चढत जातात. तेव्हा आपल्या पोटातला मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. झाकण जागचं हललं नाही, कुणाला भाजलं नाही. हे मात्र आपलंच श्रेय, कुजबुजत का होईना, मान्य करते.

आता फायद्यांकडे वळू. स्वयंपाकघराला रंग काढायचा विषय गेली अनेक दिवाळ्या ‘बघू’ या एका शब्दावर अडला होता. छतावर खिचडीचा नकाशा उमटल्यावर तो विषय चर्चेविना मंजूर झाला. कपाटाचं डोकं पुसायला ह्यांना स्टुलावर चढवलं, तेव्हा वर आपली पुस्तिका सापडली, किसणी सापडली, आणि ज्या झाऱ्यावरून सासूबाई आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई यांच्यात अबोला होता तो झाराही सापडला. दोघी आता फोनवर बोलतात. माझ्याबद्दलच बोलत असणार, पण बोलतात.

तोटा म्हणाल तर भिंतीवरच्या कॅलेंडरचा. दुधाचे खाडे लिहिलेले चौकोन नेमके हळदीखाली गेले. दूधवाल्याने आपल्या वहीतून बरोबर महिनाभराचा हिशेब काढला, त्यात खाडा एकही नव्हता.

आपल्या घराण्याविषयीही थोडं वाचलं. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनला असं बंद भांडं दाखवलं. भांडं फुटू नये म्हणून त्याने वर वजनाची झडप बसवली, म्हणजे आपल्या दोघांपैकी शिट्टीची पणजी म्हणा. 1682 मध्ये रॉयल सोसायटीची मंडळी त्याच्या भांड्यातलं जेवण जेवली, आणि हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती असं जॉन एव्हलिनने रोजनिशीत नोंदवलं. हाडं शिजवणाऱ्या त्या माणसालाही झडप लावायचं सुचलं. आमच्याकडे ‘काही होत नाही गं’ यावरच भागतं.

आपल्या जागी नवीन नेमणूक करायला भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने बिननावाचा एक नमुना पुढे केला, ‘ताई, सगळे सारखेच असतात’ म्हणत. कुकरवर आयएसआय चिन्ह 2021 पासून सक्तीचं झालंय, आणि कुकर ज्या कंपनीचा तिचाच व्हॉल्व्ह घ्यावा, हे पुस्तिकेतलं नव्याने वाचलेलं ज्ञान मी तिथे पाजळलं. तो म्हणाला, ‘लोक तर एका व्हॉल्व्हवर मुलांची लग्नं उरकतात.’ अस्सल व्हॉल्व्ह घेतला. किंमत ऐकून ह्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण रंगाऱ्याने नुसत्या चहापाण्याला त्याहून जास्त घेतले.

तरी आपली थकबाकी काही शिल्लक असल्यास कळवावी.

आपली,
ओट्याकडची

ता. क. : येत्या रविवारी हे छोले करणार आहेत. आपल्या वारसास तशी कल्पना द्यावी.