युनिटराव

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्यांना युनिटराव हे नाव कुणी दिलं माहीत नाही, पण खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. बँकेत ऑडिट करण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर 30 युनिटच्या बॅटरीची इलेक्ट्रिक मोटार घेतली आणि ऑडिट घरी आलं.

"पेट्रोलला किलोमीटरमागं सात रुपये, मला एक!" हे ते लिफ्टमध्येसुद्धा सांगतात. हा एक रुपया येतो कुठून, ते मला वहिनींकडून कळलं. विजेच्या बिलात पहिली 100 युनिटं स्वस्त, पुढची 300 पर्यंत महाग, त्यापुढची आणखी महाग. महिन्याला गाडी खाते दोनशे आणि घर खातं अडीचशे. युनिटराव गाडीची युनिटं सर्वांत खालच्या, स्वस्त टप्प्यांत धरतात. वरच्या महाग टप्प्यांत मग वहिनींचा गिझर, मिक्सर आणि मुलीचा एसी उरतो! म्हणजे गाडी स्वस्त आणि बायको खर्चिक. असं काटेकोर ऑडिट मी आजवर पाहिलेलं नाही.

घरातली वीज आता किलोमीटरात मोजली जाते. पाव तास गिझर म्हणजे अर्धं युनिट, म्हणजे तीन किलोमीटर. "आज आंघोळीला तू डेक्कनपर्यंत पोचलीस," असं ते मुलीला सुनावतात. रात्रभर एसी लावला की थेट शिरवळ.

एका शल्यानं मात्र त्यांची झोप उडवली होती. बॅटरी 30 युनिटची, पण रिकामीची पूर्ण भरताना पार्किंगमधलं मीटर दाखवतं 34. "चार गेली कुठं?" ते वायरमनला विचारत, सेक्रेटरीला विचारत, वॉचमनकडे तर संशयानं बघत. अखेर एका रात्री गाडीतल्या चार्जरच्या डब्यावर हात ठेवल्यावर तो कोमट लागला. "इथं जातायत!" चोर सापडला, पण त्याला पकडायचं कसं?

त्यांचा खरा कस लागतो प्रवासात. साताऱ्याला मेव्हणे राहतात. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर आणि गाडीची धाव खरी म्हणाल तर दोनशे. वाटेत हायवेला फास्ट चार्जर आहेत, पण तिथं युनिटला वीसेक रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. "त्या दरानं भरायचं तर आपली पेट्रोलची काय वाईट होती?" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं, तेही हळू आवाजात. तिथं नाइलाजानं थांबलेच तर 80 टक्क्यांना पिन काढतात. पुढं चार्जिंग रेंगाळतं आणि मागचा हॉर्न वाजवतो. उतारावर मात्र चेहरा खुलतो. खंबाटकीचा घाट उतरताना ब्रेकमधून बॅटरीत वीज परत येते, ते बोटानं दाखवतात: "बघा, कमावतोय!" चढताना किती घालवली, हे विचारायचं नसतं.

तेव्हा मुक्काम मेव्हण्यांकडे. घरगुती पॉवर सॉकेटवर गाडी भरायला नऊ-दहा तास लागतात, त्यामुळे चहाला आलेला पाहुणा मुक्कामाला राहतो. दारात पाऊल टाकल्यावर ते आधी प्लग बघतात, मग सासूबाईंच्या पाया पडतात. मागच्या वेळी त्या जुन्या वाड्यात चार्जरनं लाल दिवा लावला, कारण अर्थिंग नव्हतं. मेव्हण्यांनी बिचाऱ्यांनी खड्डा खणून मीठ, कोळसा, पट्टी सगळं घातलं. आता युनिटराव पोचले की तुळशीला घालावं तसं त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी घालतात. "ओल राहिली पाहिजे हो." बिल मेव्हणे भरतात. साताऱ्याची ही युनिटं हिशेबाच्या वहीत शून्य रुपयांनी लिहिली जातात.

मेव्हण्यांनी गेल्या दिवाळीत "आम्हीच येतो पुण्याला" असं कळवलं तेव्हा घरात शांतता पसरली म्हणे.

तरी सांगतो, नवीन गाडी घेणाऱ्याला त्यांच्याइतका खरा सल्ला कुणी देत नाही. "शोरूम नंतर. आधी स्वतःचं पार्किंग, आपल्या मीटरवरनं वायर आणि सोसायटीची लेखी परवानगी. रोज बाहेरच्या चार्जरवर भरणार असाल, तर स्कूटर बरी."

आता त्यांनी छतावरच्या सौरऊर्जेचं मनावर घेतलंय. 3 किलोवॉटला केंद्राचं 78 हजार अनुदान आहे, कागदपत्रं तयार आहेत, फक्त त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही सर्वांत वर राहतो.

परवा जिन्यात भेटले. "तुमच्या टेरेसवर दुपारी ऊन किती वाजेपर्यंत असतं हो?"

मी म्हटलं, "आमच्याकडे फार ढगाळ असतं."