मंत्री गेले हो, वहिनी!

“वहिनी, अहो वहिनी, कळलं का? मंत्री गेले!”

“अगोबाई! कुठले हो? सकाळच्या बातम्यांत तर काही नव्हतं.”

“आपल्याकडचे नव्हेत, लंडनचे. चिझल नावाचे. राहत्या घरी, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि शेजारी हेलियमची टाकी.”

“म्हणजे पुस्तकातले! तव्यावरचं धिरडं टाकून धावत आले ना मी!”

“गॅस बंद केलाय ना? मग ऐका. ‘लीथल व्हाइट’, लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ. म्हणजे हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईच. पुरुषाचं नाव लावून लिहायला लागल्या आणि २०१३ सालीच बिंग फुटलं. हे मालिकेतलं चौथं. साडेसहाशेच्या घरात पानं. आडवं पडून वाचायची सोय नाही.”

“एका खुनाला एवढी पानं?”

“निम्मं पुस्तक होत येतं तेव्हा कुठे मंत्री मरतो! तोवर सगळं राजकारण. २०१२ चं ऑलिम्पिक तोंडावर आलंय, त्याविरुद्ध एक डावा पुढारी मोर्चे काढतोय, आणि तोच आतून मंत्र्याकडे पैसे मागतोय, तोंड बंद ठेवायचे. मंत्री मग स्ट्राइककडे येतो. तो हो, अफगाणिस्तानात पाय गमावलेला खासगी गुप्तहेर. त्याची सहकारी रॉबिन वेश पालटून थेट पार्लमेंटात! क्रीडामंत्रीणबाईंचा नवराही त्यात सामील, त्याच्या ऑफिसात चोरून ऐकायचं यंत्र बसवते.”

“बाईच्या धाडसाची कमाल आहे! पण मंत्र्यानं केलं काय होतं?”

“इकडे या जरा, हळू सांगते. फाशी द्यायचे सांगाडे विकले. परदेशात! यांच्याच इस्टेटीवरचा गडी ते ठोकून द्यायचा. तो मेला, आता त्याचा पोरगा, म्हणजे तोच डावा पुढारी, बापाचा वाटा मागतोय.”

“शी! आणि हे चालतं तिकडे?”

“तेव्हा चालत होतं, तीच तर गोम आहे. खुनाला फाशी द्यायचं ब्रिटननं १९६५ सालीच थांबवलं, पण सांगाडे बाहेर विकायला आडकाठी नव्हती. अशा मालाच्या निर्यातीवर युरोपीय संघाची बंदी लागू झाली ती २००६ मध्ये. म्हणजे मंत्र्याला तुरुंगाची भीती नाही, भीती अब्रूची. माझ्या मते पुस्तकाचा जीव इथे आहे. बाकी उमरावांचं घराणं, घोडे, भाऊबंदकी, सगळं झकास. पण डाव्यांची टिंगल जरा जास्तच. ते काही मला पटलं नाही.”

“आणि खुनी कोण?”

“ते नाही सांगायची. पण गंमत बघा, लोकांना खुन्याचं पडलेलंच नाही. रॉबिन त्या नवऱ्याला सोडते कधी, स्ट्राइकशी जमतं कधी, यावरच चर्चा. २०२५ मध्ये आठवा भाग आला, तरी जीव टांगणीलाच!”

“द्या बाई मला ते चौथं, आजच सुरू करते.”

“मुळीच नाही. तिसरं संपतं रॉबिनच्या लग्नात आणि चौथं सुरू होतं त्याच लग्नात. मधनंच हात घातलात तर कोण कुणाचं कोण, काही कळायचं नाही. पहिलं आहे माझ्याकडे, ते न्या. आणि चहाचा कप ठेवू नका हो त्यावर, मागच्या पुस्तकासारखा.”